कोडोलीच्या रीतीनं कॉम्प्युटरची खरेदी

आधीच सांगून टाकतो, आमच्या घरात गेम मी खेळत नाही. खेळते बायको. गाड्यांच्या शर्यती! दर रविवारी दुपारी ती मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातून आणि तिचा धाकटा भाऊ कोडोलीतून, इंटरनेटवर एकमेकांच्या गाड्यांना धडका देत सुटतात. मी खुर्चीमागं उभा राहून आरडाओरडा करतो. ती माझी कला.

गेल्या उन्हाळ्यात ती ओळीनं सहा रविवार हरली. शेवटच्या डाव्या वळणावर गाडी कठड्यात जायची आणि लगेच कोडोलीचा फोन यायचा.

"आक्का, म्हातारी झालीस. डोळं तपासून घे जा."

तिनं खरंच तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. त्या संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरकडं असं बघितलं, की मीच जरा बाजूला सरकलो. दोष आता त्याचाच होता.

नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं की नवा मॉनिटर? दोन्ही एकदम झेपणारं नव्हतं. मी कार्डाच्या बाजूनं जोरदार भाषण ठोकलं: चित्रं तयार करतं ते कार्ड, पडद्याचं काम नुसतं दाखवायचं! मला स्वतःलाच ते पटलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी बघायचं, मग घ्यायचं."

तिच्या माहेरी, कोडोलीत, गोठा आहे. दोन वेळच्या धारा स्वतःच्या हातानं काढल्याशिवाय तिथं कुणी म्हैस विकत घेत नाही. तेव्हा आमचा कॉम्प्युटर आणि त्याचा जुना मॉनिटर गोधडीत गुंडाळून स्कूटरवर चढले आणि आमची वरात दुकानात पोचली.

दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "वहिनी, ही काय म्हैस हाय व्हय?"

"म्हैस परवडली. दूध कमी दिलं तर निदान मान तरी खाली घालती."

तो हसला आणि तिथंच फसला. त्यानं नवं कार्ड आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवलं. जुन्या पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं तयार होतायत तो आकडा दिसत होता. नव्वदीवरचा आकडा धडाधडा दीडशेच्या पार गेला. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या दुकानातली दोन माणसं बघायला आली. बायकोनं ते डावं वळण घेतलं आणि गाडी थेट कठड्यात.

"आकडा वाढला की!" मी म्हणालो.

"आकडा वाढला. वळण हाय तिथंच हाय."

मग जुनं कार्ड परत बसवून दुकानदारानं तेवढ्याच आकाराचा, पण वेगवान मॉनिटर जोडला. आकडा पुन्हा नव्वदीवर. माझं तोंड पडलं. तिनं मात्र वळण असं घेतलं, जणू रोज तिथूनच भाजी आणायला जाते. एकदा, दोनदा, पाचदा. शेजारच्या दुकानातली माणसं आता टाळ्या वाजवत होती आणि मी, निर्लज्जपणे, त्यांच्यात सामील झालो.

दुकानदार म्हणाला, "तुमचा जुना पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतोय, वहिनी. कार्ड नव्वद देतंय, नवा पडदा ती सगळी दाखवतोय."

"म्हंजे म्हैस चांगली हाय. चरवी लहान पडती, दूध भुईवर सांडतंय."

दुकानदार ते वाक्य स्वतःशीच पुटपुटला. पुढच्या गिऱ्हाइकाला हेच सांगणार, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मीही वीस वर्षं भाषणं ठोकतोय, पण असं एक वाक्य माझ्या नशिबी आलेलं नाही.

मॉनिटर घरी आला आणि रविवारी ती जिंकली. दोन गाड्यांच्या अंतरानं! मी इतका ओरडलो, की समोरच्या खिडकीतून विचारणा झाली. थोड्या वेळानं कोडोलीचा फोन आला, पण या खेपेला माझ्या मोबाइलवर, आणि आवाज मधाळ.

"दाजी, आक्कानं काय नवीन घेतलंय? खरं सांगा की."

अशी संधी माणसाला पुन्हा मिळत नाही. मी आवाज खाली आणून म्हणालो, "कार्ड, पावणं. मोठ्ठं कार्ड."

बायको दारातच उभी होती. तिनं माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"ह्यांचं ऐकू नगंस. मॉनिटर घे, वेगवान. आणि तुझा डबा दुकानात घेऊन जा, जोडून बघितल्याबिगर पैसं देऊ नगंस." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि लवकर घे. मग हरल्यावर सांगायला तुझ्याकडं काय सबब उरायची न्हाय."