वसंता मिस्त्री आणि फ्रिजमधलं ऑईल

वसंता मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या भाजी मार्केटात टेम्पोत कोथिंबिरीच्या जुड्या चढवत होतो. दीड महिना झाला. शाळेपासूनचा माझा दोस्त, शहाडला त्याचं गॅरेज. पुलावरून उतरणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून ड्रायव्हरनं सकाळी काय खाल्लंय ते तो सांगायचा. खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी कमी करूनच सांगतोय...

एका वर्षी खडवलीला आमच्याकडे अशी थंडी पडलेली की कोंबडासुद्धा कान झाकून आरवायचा. पहाटे टेम्पो चालू केला की इंजिन डब्यात खिळे हलवल्यासारखं खडखडायचं. मी शहाणा, बाजारातलं सगळ्यात जाड ऑईल आणून ओतलं, साजूक तूप समजून, आणि चालू होताच जोरात रेस द्यायला लागलो. खडखड दुप्पट झाली. दुसऱ्या एका मिस्त्रीनं अख्खं इंजिन खोलायला सांगितलं. तेवढी ऐपत नव्हती. टेम्पो भंगारात घालून कुणाकडे तरी ड्रायव्हर म्हणून राहतो, असं मी घरी सांगूनही टाकलं.

शेवटचं एकदा दाखवावं म्हणून वसंताकडे गेलो. त्यानं इंजिनातलं वाटीभर ऑईल काढून घेतलं आणि म्हणाला, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी घरातल्या फ्रिजमधून त्यानं दोन वाट्या काढल्या, एकीत माझं जाड ऑईल, दुसरीत पातळ.

"दह्याशेजारी ठेवलेलं," वहिनी आतून म्हणाल्या. "आज कढी याचीच करते."

वसंतानं वाट्या तिरक्या केल्या. पातळ ऑईल झरकन ओघळलं. माझं सरकारी फायलीसारखं हललं.

"बाळ्या, गाडी उभी असली की ऑईल खाली बसतं. ते वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. तू इंजिनाला चिखल पाजतोस, शिवाय लगेच पळायलाही लावतोस."

"पण जाड ऑईल दमदार नसतं?"

"तूही जाडच आहेस ना? चढून दाखव तो जिना पटकन."

त्यानं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑईल भरलं. "झिजलं ते झिजलं," म्हणाला, "बाकीचं मी मरेपर्यंत चालेल." पहिल्यांदाच तो चुकला. टेम्पो अजून चालतोय. त्याच इंजिनावर माझ्या पोरीचं नर्सिंग पूर्ण झालं.

पहाटे मार्केटबाहेर या कधी. टेम्पोंची रांग थेट खाडीपर्यंत असते, आणि वसंताचा तो धडा ऐकल्यापासून चालू केल्यावर एकही ड्रायव्हर रेस देत नाही. हात मांडीवर ठेवून अर्धा मिनिट सगळे थांबतात. कुणी घाई केलीच, तर शेजारचा त्याचं दार वाजवतो, "चढू दे रे आधी." परवा दार माझंच वाजलं... मी मुकाट्यानं पाय उचलला.