पिवळा चीक निथळेपर्यंत

गंगूआत्या गेल्याचा निरोप कंपनीच्या गेटवर मिळाला, तेव्हा मला आधी काय आठवलं असेल, तर तिच्या मागच्या दारातला खिळा. हसू नका... सांगतो.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कर्जतजवळच्या आमच्या गावात तिच्या परसात कोरफड माजलेली असे. भाकरी करताना कुणाचं बोट भाजलं, कुणाच्या टाचा फुटल्या, की माणसं तिच्याकडे यायची. पण तिच्याकडे घाई चालायची नाही. पान कापलं की कापलेली बाजू खाली करून ती ते खिळ्याला टांगायची आणि खाली करवंटी ठेवायची. पिवळा चीक पुरता निथळला की मगच साल काढायची, गर धुवायची, आणि आधी थोडा मनगटावर लावून बघायला सांगायची. भाजलेलं खोल असलं तर हातही लावायची नाही. "ह्ये माजं काम नाय रं, खोपोलीला डाक्टरकडं ने," म्हणायची. मी तेव्हा रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नवा लागलेलो, चार बाटल्या हाताळून शहाणा झालेलो. "आत्या, कोरफडच ती, विष थोडंच आहे?" म्हणून तिची चेष्टा करायचो. ती नुसती करवंटीकडे बघायची.

पुढं माझ्या बायकोला, सुमनला, दिवस गेले आणि तिचं पोट साफ होईना. शेजारणीनं कोरफडीचा रस सुचवला. मी हक्कानं आत्याकडे गेलो, तर ती म्हणाली, "तिला नाय." मी भडकलो. साऱ्या गावाला देतेस आणि घरच्या सुनेला नाही? तोंडाला येईल ते बोललो आणि परसात जाऊन स्वतःच पान कापलं. आत्या धावत आली आणि तिनं पान हिसकावून घेतलं.

"मी पिली व्हती रं वसंता, चिकासकट. पोट साफ व्हावं म्हणून. तिसरा म्हैना व्हता माजा..."

आत्याला मूल नाही हे आम्हाला ठाऊक होतं; का नाही, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. चिकानंच घात केला की आणखी कशानं, कोण सांगणार? तिनं मात्र दोष स्वतःकडे घेतला, आणि पुढं कुठल्याच पोटुशीला कोरफड पोटात घेऊ दिली नाही. माझी मान खाली गेली ती गेलीच. त्याच दिवशी सुमनला दवाखान्यात नेलं. यथावकाश मंगल झाली, आणि बारशाला आत्या तिला मांडीवरून उतरवायलाच तयार नव्हती.

आत्याच्या तेराव्याला मंगल आली होती. तिला पाचवा महिना. चुलीशी तिचं बोट भाजलं, म्हणून मी पान कापायला उठलो. बघतो तर ती आधीच मागच्या दारात, बोट तांब्यातल्या पाण्यात बुडवून बसलेली. पान खिळ्याला टांगलेलं, खाली आत्याचीच करवंटी, इतक्या वर्षांच्या चिकानं काळी पडलेली.

"बोटाला लावायचंय, बाबा," ती म्हणाली. "पोटात नाही घेत."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो. चीक अजून ठिबकत होता.