सईला आईची आठवण येते

“सईला टाइप वन डायबेटिस आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मी विचारलं, “आईच्या आठवणीनं होतो का हो?”

प्रश्न वेडगळ वाटेल, पण आमच्या घरात महिनाभर तेच चाललं होतं. माझी पत्नी रेश्मा लष्करात कॅप्टन आहे. ती सीमेवर रुजू झाली आणि थोड्याच दिवसांत सहा वर्षांची सई अंथरूण ओलं करू लागली. सारखं पाणी मागायची. फ्रॉक सैल झाले. माझी आई म्हणाली, पोरीनं आईचा ध्यास घेतलाय. आई इतक्या लांब गेल्यावर दुसरं काय होणार? शाळेतल्या बाईंचंही तेच मत. घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण मलाही ते पटलं.

एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. बिबवेवाडीतून रिक्षानं रुग्णालय गाठलं. बोटातल्या थेंबभर रक्तावर साखर पाहिली आणि तिला थेट आयसीयूत नेलं. याला डीकेए म्हणतात. इन्सुलिन नसल्यानं रक्तात आम्ल साठतं.

“हे आईच्या जाण्यानं झालेलं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्या घरी असत्या तरी झालंच असतं. त्यांना नीट सांगा.”

दुसऱ्या दिवशी रेश्माचा फोन लागला. मी तसंच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, मी नोकरी सोडते.

तिसऱ्या दिवशी सई वॉर्डात आली. तिथल्या सिस्टरनी मला आणि माझ्या आईला मोसंब्यावर इन्सुलिनची सुई टोचायला शिकवलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

रेश्मा रजेवर आली. रजा संपत आली तशी नोकरी सोडण्याचा अर्ज लिहायला बसली. आईनं कागद बाजूला सारला.

“तू गेलीस म्हणून झालं, असं मीच म्हणत होते. चुकलं माझं. तू जा. सुई मी देते.”

“तुम्हाला भीती वाटते ना सुईची?”

“वाटायची. सई डोळे मिटायची, मीपण मिटायचे. आता एकटी सईच मिटते.”

रेश्मा हसता हसता रडली. अर्ज तसाच राहिला.

तुमचं लेकरू सारखं पाणी मागत असेल, अंथरूण भिजवत असेल, तर कारणं शोधत बसू नका. आधी रक्त तपासा.

सईला आईची आठवण आजही येते. अंथरूण मात्र कोरडं असतं.