दंडावर जीएसटी

"मॅडम, पगार आर्धाच आला."

टाइम ऑफिसच्या खिडकीतून बंडू गडदेनं एटीएमची चिठ्ठी आत सरकवली. अर्धा नव्हता, पण बराच कमी होता. मी कॉम्प्युटरवर बघितलं. आमच्याकडून पूर्ण रक्कम गेली होती.

"बंडू, आपण अकरा हजार चारशे टाकलेत."

"मंग हे सात हजार कसे?"

मी जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये काम करते. लोखंडाचे तापलेले तुकडे लाटून सळई काढतात, ती मिल. टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी, पगार आणि फंड बघणारं खातं. ते माझ्याकडे आहे. आमची मिल दिवाळीनंतर बंद पडली होती, ती पावसाळा सरताना सुरू झाली. बंद होताना अडकलेला एक महिन्याचा पगार आम्ही नुकताच टाकला होता. माणसं त्या पगाराच्या भरवशावर थांबली होती.

बंडू मूळचा वाटूरचा. मिल बंद असताना तो गावी जाऊन भावाची मेंढरं राखत होता. बायको रेणुका आणि आठवीतली मुलगी मात्र जालन्यातच राहिल्या, कारण मुलीची शाळा इथं. रेणुका चार घरची धुणीभांडी करायची. खोलीचं भाडं थकलं होतं. पगार आला की सगळं देऊ, या बोलीवर घरमालक थांबला होता आणि किराणावालाही.

दुपारपर्यंत खिडकीशी रांग लागली. सगळ्यांचं तेच. कुणाचे चार हजार गेलेले, कुणाचे साडेचार. मी बंडूच्या खात्याचा उतारा मागवला. त्यात महिन्या-महिन्याची एकच ओळ होती. मिनिमम बॅलन्स चार्ज, आणि त्याखाली जीएसटी.

ही भानगड साध्या शब्दांत सांगते. पगाराचं खातं हे झिरो बॅलन्स असतं, म्हणजे त्यात एक रुपया नसला तरी दंड लागत नाही. पण सलग काही महिने पगार आला नाही, तर बँक ते खातं गुपचूप साध्या खात्यात बदलते. साध्या खात्यात अमुक इतके पैसे कायम ठेवावे लागतात. नसतील तर दंड. आमच्या माणसांच्या खात्यात तर काहीच नव्हतं, मग दंड कशातून कापणार? तो उधारीवर लिहून ठेवला आणि पगार पडताच वसूल केला. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नव्हते, त्याला पैसे नसल्याबद्दल दंड. त्या दंडावर जीएसटी. आणि बंडूनं मधल्या काळात पगार आला का बघायला दोनदा कार्ड घालून पैसे काढायचा प्रयत्न केला होता, तर खात्यात पैसे नसताना कार्ड घातलं म्हणून आणखी दंड. त्यावरही जीएसटी.

माझं डोकं सणकलं.

मी प्लांट मॅनेजर जाधव साहेबांकडे गेले. त्यांनी उतारा बघितला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"आपलं काम पगार टाकणं. टाकला. विषय संपला."

"सर, ही खाती आपल्याच कॅन्टीनमध्ये उघडली. आयुष्यभर झिरो बॅलन्स, असं त्या बँकेच्या पोरानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी तिथंच उभी होते."

"मॅडम, आपली सीसी लिमिट त्याच बँकेत आहे." सीसी लिमिट म्हणजे मिलला कच्चा माल घ्यायला बँक देते ते फिरतं कर्ज. "मिल आत्ता कुठं सुरू झालीय. बँकेशी वाकडं घेऊन चालेल का?"

"मग बंडूला ॲडव्हान्स तरी द्या."

"ॲडव्हान्स सध्या बंद. शेठजींचा हुकूम आहे."

"मग मी अर्धी रजा टाकते. बँकेत माझ्या नावानं जाते."

"तुमच्या रजेत कुठंही जा," ते म्हणाले, आणि फोन उचलला.

बँकेत बंडू होता आणि त्याच्याबरोबर रेणुकाही आली होती. तिनं हातातलं काम टाकलेलं दिसत होतं, बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ब्रँच मॅनेजर तिशीतला, अतिशय नम्र. त्यानं आधी पाणी मागवलं.

"मॅडम, हे आम्ही करत नाही. सिस्टीम आपोआप करते."

"सिस्टीमला परत द्यायला सांगा मग."

तो हसला. मी हसले नाही. बँकांच्या वर जी बँक आहे, तिचा नियम मी वाचून गेले होते. पैसे कमी पडले तर आधी ग्राहकाला कळवायचं, महिनाभराची मुदत द्यायची आणि मगच दंड लावायचा. आणि या दंडामुळे खातं वजा होऊ द्यायचं नाही. आमच्या माणसांचं खातं शून्यावर होतं, मग त्याखाली उधारी चढलीच कशी, हा माझा प्रश्न.

"आम्ही कळवलं होतं," मॅनेजर म्हणाला. "प्रत्येक महिन्याला एसएमएस गेलाय."

"मला एकबी न्हाई आला," बंडू म्हणाला.

"गेलाय. इथं दिसतंय."

"कुठल्या नंबरवर?" मी विचारलं.

त्यानं नंबर वाचला. बंडूनं मान हलवली. "हा माझा न्हाई."

मी आणखी एका कामगाराचा खाते क्रमांक दिला. तिथंही तोच नंबर. तिसऱ्याचाही तोच. मॅनेजरच्या चेहऱ्यावरची नम्रता जरा उतरली. मी माझ्या मोबाईलवरून तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मागून ट्रॅक्टरची घरघर येत होती.

"हॅलो, कोण?"

मी नाव सांगितलं. त्यानं लगेच ओळखलं. कॅन्टीनमध्ये खाती उघडणारा तोच पोरगा. बँक सोडून आता अंबडला ट्रॅक्टरच्या शोरूमला लागला होता.

"तुमचा नंबर आमच्या कामगारांच्या खात्याला कसा?"

"मॅडम, तुमच्या मिलमध्ये फोन आत नेऊ देत न्हाईत ना. सगळ्यांचे गेटवर जमा होते. ओटीपी कुठं मागवायचा? मंग माझाच नंबर टाकला. टार्गेट होतं. नंतर बदलणार होतो, तवर नोकरी सुटली."

"आणि मेसेज?"

"लई आले. दर महिन्याला ढीगभर. बँकेला फोन करून सांगितलं बी, माझा नंबर काढा म्हणून. म्हणाले, ज्याचं खातं त्यानंच अर्ज करावा लागतो."

मी फोन ठेवला. मग रेणुका बोलली.

"साहेब, आमच्यात मेंढरू इकायचं आसलं तरी दलाल आधी भाव सांगतो. पटलं तर आम्ही देतो, न्हाई तर घरी आणतो. तुम्ही तर न इचारता दावणीचं सोडून नेलं."

मॅनेजर उठून बाहेर गेला, कुणाशी तरी फोनवर बोलला आणि एक छापील कागद घेऊन आला.

"गुडविल म्हणून मी यांना आत्ताच्या आत्ता निम्मी रक्कम परत देऊ शकतो. फक्त इथं सही."

बंडूनं पेन घेतलं. त्याला निम्मे तर निम्मे, आज हवे होते; हातचे सात हजार धरून थकलेलं भाडं भागलं असतं. घरमालकानं शनिवारपर्यंत सांगितलं होतं. पुरे पैसे नाहीत, तर सामान बाहेर. आणि रविवारी घनसावंगीकडचा एक मुकादम वाटूरला येणार होता. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी ठरवून तो उचल देतो, म्हणजे हंगामाआधीच रोख रक्कम. ती घेतली की हंगाम संपेपर्यंत बेळगावकडच्या उसात. मग जालन्यातली खोली गेली, मिलची नोकरी गेली, मुलीची शाळा वाटूरला चुलत्याच्या दारातून.

"काय लिवलंय त्यात?" रेणुकानं मला विचारलं.

मी वाचलं. खात्यात किमान रक्कम ठेवली नाही हे मला मान्य आहे. बँकेनं लावलेला आकार योग्य आहे. यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.

"म्हंजी चूक आपली?"

"तसं लिहिलंय."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. "मंग नका करू सही."

"अगं, पण शनिवार..."

"नका करू."

बंडूनं पेन टेबलावर ठेवलं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, माझ्याकडून घ्या, बँकेचे आले की द्या. रेणुका तोंडावरच नाही म्हणाली.

"बँकेचे कवा येतील, कुणाला ठावं? न्हाई आले तर तुमचे कशानं फेडायचे? उचल तरी ऊस तोडून फिटती."

मी उघडलेली पर्स मिटली.

त्या आठवड्यात मी आणि कामगारांनी मिळून प्रत्येकाचा वेगळा अर्ज लिहिला. चहाच्या सुटीत, कॅन्टीनच्या त्याच टेबलांवर. बँकेतली बाई शिक्का मारून पोच द्यायला तयार नव्हती. मी काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसून राहिले. लंचनंतर तिनं शिक्का मारला. महिनाभर बँकेकडून काहीच आलं नाही. मग आम्ही बँकांच्या लोकपालाकडे गेलो. बँकेनं ऐकलं नाही, तर जिथं फुकट तक्रार करता येते ती ही जागा. तिथं ट्रॅक्टरवाल्या पोरानं स्वतःहून लेखी दिलं, की नंबर माझा आहे. त्याबद्दल मी त्याला मानते.

त्यानंतर मात्र बँक हलली. सगळ्यांचे पैसे परत आले. दंड आला, कार्ड घातल्याचा दंड आला, दोन्हींवरचा जीएसटीही आला. जाधव साहेबांनी मिलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'मॅनेजमेंटच्या पाठपुराव्याला यश.' खाली अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही.

बंडू तोवर बेळगावकडे होता. शनिवारी घरमालकानं खरंच सामान काढलं होतं आणि रविवारी नवराबायकोनं उचल घेतली होती. त्याच्या जागी मिलनं ठेकेदाराचा माणूस लावला. मी साहेबांना म्हटलं होतं, जागा राखून ठेवा. ते म्हणाले, "गरज असती तर थांबला असता."

मी बंडूला फोन लावला. त्यानं उचलला तेव्हा मागे बायकांचा आरडाओरडा आणि कोयत्यांचे आवाज होते.

"बंडू, पैसे आले. सगळे."

"आले का? बरं झालं." मग ओरडून कुणाला तरी सांगितलं, "बँकेचे आले!" पलीकडून रेणुका काही म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

"पत्रही आलंय तुझ्या नावानं. वाचू?"

"वाचा."

"आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल बँक दिलगीर आहे."

"मॅडम, गैरसोय म्हंजी काय?"

मी सांगितलं. त्रास, अडचण, असं काहीतरी.

"हां," तो म्हणाला. "ठेवू का? गाडी भरून राह्यलेत, मुकादम बोंबलतोय."

आता मला बरेच लोक विचारतात, बँकेनं असे पैसे कापले तर काय करायचं. मी सांगते. लेखी अर्ज करा, शिक्क्याची पोच घ्या, निम्म्यावर सही करू नका, महिनाभर थांबा, मग लोकपालाकडे जा. पैसे परत मिळतात.

फक्त तोवर घरात महिनाभराचं पीठ लागतं.