मागच्या सीटवरून

आमच्या नाटक कंपनीचे राजवाडे फळकुटांचे असत, पण कपडे अस्सल, कारण ते आमचे शिंपी मास्तर शिवत. मी राजाची कामं करायचो. माझ्या पाठीला बाक येतोय हे माझ्याआधी मास्तरांच्या टेपला कळलं. त्यांनी कुणाला न सांगता पोशाखाच्या खांद्यांत भर घातली आणि मी कितीतरी वर्षं ताठ राजा म्हणून मिरवलो. त्या माणसाने काम सांगितल्यावर नाही कसं म्हणणार?

"राजे," मास्तर म्हणाले, "रविवारी एक जण गाडी बघायला येतोय. बोलायचं तुम्ही. मी तोंड उघडलं तर विकायची नाही म्हणेन."

"भाऊजी, तुम्हीही त्यांचीच री ओढू नका," वहिनी आतून म्हणाल्या. "पेट्रोल पंपावर गाडी अंगावर पडली, तेव्हा तिच्याखाली पाय अडकलेला असताना हे ओरडत होते, आधी टाकीला पोचा आलाय का बघा म्हणून."

लांब पल्ल्याची दणकट मोटरसायकल होती ती. दरवर्षी दुकानाला कुलूप लावून नवराबायको तिच्यावरून दूरदूर भटकून येत. मागची सीट मास्तरांनी स्वतः शिवलेली. परत आल्यावर वहिनी कुरकुर करत, की मास्तर ती उसवून पुन्हा शिवत, कुठे फोम वाढव, कुठे कड मऊ कर. आता ऑपरेशननंतर मास्तरांचा गुडघा गाडीचं वजन पेलत नव्हता. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. तरी मास्तरांना मनातून एकच आशा होती: येणारा नाक मुरडेल.

येणारा तरुण दंतवैद्य निघाला. गाडीपुढे उकिडवा बसून टॉर्च मारून त्याने सगळे सांधे तपासले.

"कुठे कीड?" मी विचारलं.

"एकही नाही," तो हसला. "इतकी निगा मी माझ्या दातांचीही राखत नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. जन्मभर केलेली पुसापुशी अशी उलटली होती. त्यांनी किंमत जरा चढीच सांगितली. गडी लगेच कबूल झाला. त्याने घासाघीस केली असती, तर निदान रागावता तरी आलं असतं.

"एक चक्कर मारून बघू?"

अनोळखी माणसाच्या हाती गाडी एकटी सोडत नाहीत, मालकाने मागे बसायचं असतं. मास्तरांनी हाताने पाय उचलून पलीकडे टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणच शिवलेल्या सीटवर बसले.

परत आले. भिंतीला टेकून म्हणाले, "याची पाठच दिसत होती. रस्ता नाही, काही नाही. सगळा वेळ पाठ."

"मग मी काय सांगत होते?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला वाटायचं, सीटच टोचते."

"गाडी झकास आहे," दंतवैद्य म्हणाला. "आजच नेतो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रंगमंचावर कुणी अडखळलं की सगळे माझ्याकडे असेच पाहायचे, आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. आताही तोंड उघडलं. पण माणूस सज्जन, भाव चोख, गाडी निर्दोष. बोलायला जागाच नव्हती.

वहिनींनी कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवून त्याच्या हातावर ठेवली. सह्या झाल्या. त्याने हेल्मेट चढवलं, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "मागे कुणी बसलं, तर पुढे काय दिसतंय ते मधूनमधून सांगत जा."

गाडी फाटकाबाहेर पडली. मास्तर कठड्याला धरून फाटकात उभे राहिले, सगळी वाट अडवून. ठेंगण्या वहिनी त्यांच्या मागे. त्यांनी टाचा उंचावून पाहिल्या, मग सोडून दिलं.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी मान वळवली नाही.

"पिठाच्या गिरणीपाशी पोचला," ते म्हणाले. "पुढे ट्रक उभाय. हळू केली त्याने... बरोबर केली. आता कोपरा."

"आणि?"

"वळला."

इंजिनाचा आवाज अजून येत होता. दोघंही तिथेच उभी राहिली, आणि मीही.