उतारावरचा डावखुरा शिलेदार

रोझेनच्या हातून त्या सकाळी कॉफी दोनदा उतू गेली, तेव्हाच नवऱ्यानं ओळखलं की आज हिच्याशी बोलण्यात राम नाही. स्वतःचा वाडगा विसळून तो मुकाट्यानं कामावर गेला. रोझेन पावाला खारं लोणी लावून खायची विसरली, खिडकीशी गेली, परत आली.

गुरुवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. दुपारी शाळेच्या खानावळीत पोरांना वाढायचं आणि उरल्या वेळात रेन शहरातल्या विद्यापीठाची बस धरायची, असं करता करता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. विषय गावातलाच होता. नदीच्या उतारावर, जिथून पायी पलीकडे जाता येतं तिथं, एका शिलेदारानं धन्याला शब्द दिला, 'तू परतेपर्यंत इथून कुणाला जाऊ देणार नाही.' धनी विसरून गेला. शिलेदार पाण्यात उभा राहून लढता लढता तिथंच पडला. या कथेचं पुस्तकांत काय झालं, सिनेमात काय झालं, ते रोझेननं शोधलं होतं.

तिचा सगळा भार एका गोष्टीवर होता. दर ऑगस्टला गाव नदीत उतरून हा प्रसंग करतं आणि त्यात शिलेदाराची तलवार डाव्या हातात असते. पुस्तकांत आणि सिनेमात ती उजव्या हातात आहे. म्हणजे जुनं, खरं ते गावानं जपलं आणि शहरवाल्यांनी पुसलं, असं तिनं ठामपणे लिहिलं होतं. मार्गदर्शक बाई त्या प्रकरणावर फार खूश होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. उत्सवाचे कारभारी फान्चकाका चिखलाचे बूट घालून उभे होते.

"पोरी, मोठी चादर आहे का एखादी? बिनफुलांची. माझ्या सुनेकडच्या चादरींवर सगळे फ्लेमिंगोच आहेत."

"कशाला काका?"

"यंदा उत्सवात शिलेदाराचा तो जुना सिनेमा दाखवायचाय, चर्चच्या सभागृहात. पूर्वी दाखवला होता ना, तसाच."

"बसा. कॉफी घेता?"

"जळकी असेल तर नको," असं म्हणत ते बसलेच. "जागा अरुंद, म्हणून तेव्हा सिनेमाचं यंत्र मागच्या खोलीत ठेवलेलं. मध्ये चादर टांगायची, पाणी मारून ओली करायची, म्हणजे उजेड आरपार येतो. आम्ही सगळे या बाजूला."

रोझेनच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "म्हणजे पडद्याच्या मागून?"

"मागूनच की. अक्षरं सगळी उलटी दिसायची. लोक हसायला लागले तर पाद्रीबाबा म्हणाले, वाचायचंच असेल तर बायबल वाचा, इथं गुमान बघा."

"आणि शिलेदार?"

"शिलेदाराचं काय? देखणा होता. पुढच्या ऑगस्टला बेकरीवाल्याच्या थोरल्यानं हुबेहूब त्याची नक्कल केली. तेव्हापासून सगळे तसंच करतात."

रोझेन उठली. माडीवर गेली, काही न घेता खाली आली, पुन्हा वर जाऊन एक फोटो घेऊन आली. सिनेमाच्या आधीच्या उत्सवाचा एकच फोटो तिच्याकडे होता. त्यात शिलेदार झालेले फान्चकाकांचे वडील नदीत गुडघाभर पाण्यात उभे, तलवार उजव्या हातात. तिनं या फोटोला एक तळटीप देऊन वाटेला लावलं होतं: 'अपवाद, बहुधा डावा हात दुखावला असावा.'

"काका, तुमच्या वडिलांचा डावा हात कधी दुखावला होता?"

"बाबांचा? त्या हातानं बैल ओढून धरायचे ते. का गं?"

तिनं फोटो टेबलावर ठेवला. चादरींचं कपाट उघडलं, बंद केलं. मग काकांच्या समोरच तिनं बाईंना फोन लावला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

"रोझेन," बाई म्हणाल्या, "परीक्षक बाहेरगावचे आहेत. चर्चची चादर ओली होती की कोरडी, हे विचारायला कोण येतंय? गुरुवार उरकून घे. नंतर एखादा लेख लिही."

"नाही बाई. गावानं जुनं जपलं असं मी लिहिलंय. गावानं तर सिनेमाच उचलला, तोही उलटा, उजव्याचा डावा झालेला. आणि खरा शिलेदार मी तळटिपेत लुळा करून ठेवलाय."

"परीक्षा पुढे ढकलली तर उन्हाळा जाईल. पुढच्या वेळी हेच परीक्षक मिळतील याची मी हमी देत नाही."

"जाऊ दे उन्हाळा. ढकला."

पलीकडे बाईंनी सुस्कारा सोडला. "बरं. कळवते त्यांना. पण उद्या मला फोन करून रडायचं नाही."

रोझेननं फोन ठेवला. काका कॉफीकडे बघत होते.

"काही वाईट झालं का पोरी? मी चादरच मागितली."

"तुम्ही काही केलं नाहीत काका." तिनं लग्नातली मोठी पांढरी चादर काढली, घडी मोडून उजेडाकडे धरली. आरपार खिडकी दिसत होती. "ही चालेल?"

"झकास. पण या खेपेला मुलगा म्हणतोय, यंत्र पुढे ठेवू, म्हणजे अक्षरं नीट दिसतील."

रोझेननं चादर त्यांच्या हातात दिली, पण सोडली नाही.

"काका, यंत्र मागेच ठेवा. मला एकदा तुम्ही सगळ्यांनी बघितला तसाच सिनेमा बघायचाय."