फोकोचं कार्ड

वुब्बो तामेनाच्या घरात बुटांचे एकशे बारा खोके होते आणि बूट मात्र एकच जोड. गावातला बूटवाला म्हणायचा, "वुब्बो, तुझ्यासारखी दहा गिऱ्हाइकं असती ना, तर मी कधीच उपाशी मेलो असतो. नेतोस ते रिकामे खोके तेवढे!"

त्या खोक्यांत माणसं राहत होती. महायुद्धात अंधार पडल्यावर लढाऊ विमानं घेऊन आभाळात गेलेली जर्मन पोरं. एका पोराला एक कार्ड. कुठल्या तुकडीत होता, कुठून उडाला, विमानात सोबत कोण होतं, कुठे पडला, कुठे पुरला. रात्रीच्या त्या विमानांत तिघं असत. एक चालवणारा, एक मागे बंदुकीवर आणि एक बिनतारी यंत्रावर कान लावून बसलेला. नाव गाजायचं चालवणाऱ्याचं. वुब्बोच्या खोक्यांत मात्र तिघांना सारखंच कार्ड, सारखीच शाई.

हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. तो होता पोस्टमन. छत्तीस वर्षं कालव्याच्या काठाकाठानं सायकल मारली. डावा पाय जन्मापासून आखूड, म्हणून त्याला सैन्यानं नेलं नाही, आणि सैन्यानं नेलं नाही म्हणून गावातल्या प्रत्येक दारात पोरगा मेल्याचं किंवा बेपत्ता झाल्याचं सैन्याचं काळं पत्र त्यालाच न्यावं लागलं. लोक त्याची सायकल वळताना बघायचे आणि खिडकीचे पडदे ओढायचे, जणू पडदा ओढला की पत्र परत जाईल. युद्ध संपलं, पत्रं थांबली, पण त्या पत्रांतलं 'बेपत्ता' वुब्बोच्या पिशवीत तसंच राहिलं. पत्ता न सापडलेलं पत्र घरी घेऊन आल्यासारखं त्याला वाटे. निवृत्त झाल्या दिवशी त्यानं पहिला खोका उघडला.

कधी शहराकडून कुणी चकचकीत गाडीतून यायचा. "आजोबा, सर्वांत जास्त विमानं कुणी पाडली?"

"ते मोजायचं असेल तर दुसरं दार बघ," वुब्बो म्हणायचा. "इथे आत बसलेली माणसं मोजतात. आणि ज्यांना पाडलं त्यांतली सात इंग्रज पोरं आमच्या चर्चमागे झोपलीत. फुलं आणली असशील तर दाखवतो."

बहुतेकांनी फुलं आणलेली नसत.

त्याचा नियम एकच होता. दोन कागद. एक कागद चुकतो, एक कागद खोटंही बोलतो. एकमेकांना न ओळखणारे दोन कागद एकच गोष्ट सांगू लागले, तरच वुब्बो शाईचं पेन उचलायचा. तोवर पेन्सिल. या नियमामुळे सरकारी कचेरीसुद्धा त्याचं शाईचं कार्ड मानत असे, आणि या नियमामुळेच गेशे त्याच्यावर अकरा वर्षं रागावलेली होती.

गेशे फोकोची थोरली बहीण. फोको बिनतारीवाला, वय एकवीस. चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीतलं काळं पत्र तिच्या आईच्या हातात वुब्बोनंच ठेवलं होतं. 'आपला मुलगा फोको १६ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर शत्रूशी लढताना बेपत्ता झाला.' कुठे, कुणाच्या विमानात, काही नाही. आई वाट बघत गेली. मग गेशे वाट बघू लागली.

नदीपलीकडे दोन तासांवरच्या गावात, दलदलीच्या कडेला, थडग्यांचे तीन दगड होते. तिथे फेब्रुवारीत एक विमान काळ्या चिखलात गेलेलं. दोन दगडांवर नावं, तिसऱ्यावर नुसतं 'एक जर्मन सैनिक'. गेशे तिथे एकदा जाऊन आली आणि थेट वुब्बोच्या दारात उभी राहिली. "तो तिथेच आहे. त्या दगडापुढे माझे गुडघे लटपटले. गुडघ्यांना कळलं."

"गुडघे हा कागद नव्हे, गेशे."

"तुझा आखूड पाय तरी कागद आहे का रे? लढाईतून तर सुटलास त्याच्या जोरावर!"

वुब्बोनं फोकोच्या तुकडीची नोंदवही मागवली. तीत ते विमान होतं. बिनतारीवाल्यापुढे 'बदली माणूस' एवढंच. आणि तारीख १५ फेब्रुवारी. सोळा तारखेला त्या तुकडीचं एकही विमान गेलेलं नव्हतं. वुब्बोनं मान हलवली. सोळाला जिवंत असलेला माणूस पंधराच्या थडग्यात कसा असेल? त्यानं फोकोच्या कार्डावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

तेव्हापासून गेशेनं एक शिक्षा सुरू केली. दर गुरुवारी ती त्याला चहाला बोलवायची. मोठ्या खडीसाखरेवर कढत चहा ओतायची, खडा तडतड वाजायचा, वर साय अलगद सोडायची, ढवळू द्यायची नाही, सगळं रीतीप्रमाणे. पण त्या मुलुखात पाहुण्याला तीन कप हे ठरलेले. तिसरा न देणं म्हणजे ऊठ आता, असं तोंडावर सांगणं. गेशे दुसऱ्या कपानंतर किटलीवर लोकरीची टोपी घालायची.

"दोन कागदांचा माणूस तू. दोन कप पुरेत तुला."

वुब्बो 'पुरे'ची खूण म्हणून चमचा कपात ठेवायचा आणि जायला उठायचा. अकरा वर्षं. एक गुरुवार चुकवला नाही त्यानं.

एकोणऐंशीच्या शरदात ती बातमी आली. नदीपलीकडचे दगड झिजले होते, नवे बसवायचे होते. नोव्हेंबरात गेलेल्यांची आठवण काढायचा मृतांचा रविवार येतो, त्याच्या आत. तिथल्या पाद्रीबुवांनी कळवलं, नाव असेल तर आत्ताच द्या, पुन्हा दगड कोण उकरणार?

त्या गुरुवारी गेशेनं टोमणा मारला नाही. त्यामुळे वुब्बोला जास्तच लागलं. पंचाहत्तरीची झाली होती ती. किटली धरताना हात कापत होता.

"एक रेघ पुसायची आहे रे," ती म्हणाली. "तुझं ते प्रश्नचिन्ह. मी गेल्यावर कुणासाठी पुसशील?"

"खोटं लिहिलं तर दुसऱ्या कुठल्या तरी बहिणीचा भाऊ चोरल्यासारखं होईल, गेशे."

तिनं किटलीवर टोपी घातली.

मृतांच्या रविवाराला तीन आठवडे उरले असताना दक्षिणेकडून एक जाड पाकीट आलं. पाठवणारा आलोइस हेर्ले, एके काळचा बिनतारीवाला, फोकोच्याच तुकडीतला. तुमच्या खोक्यांबद्दल ऐकलं, माझी उड्डाणवही पाठवतोय, नोंद करा आणि परत द्या, एवढाच मजकूर.

वुब्बोनं सवयीनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. उड्डाण रात्री अकरा दहा, उतरणं एक पंचवीस. तारीख एकच. पुढचं पान. उड्डाण अकरा चाळीस, उतरणं दोन. तारीख एकच, निघण्याची. मध्यरात्र उलटो, पहाट होवो, ज्या दिवशी निघाले तीच तारीख. पानामागून पान तसंच. वुब्बोचं बोट थांबलं.

छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस तो. शेवटची गाडी गेल्यावर पेटीत पडलेल्या पत्रावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसतो, लिहिणाऱ्याची तारीख आत वेगळीच असते, यावरून गावात किती भांडणं त्यानंच मिटवली होती! आणि इथे? नोंदवहीनं निघण्याची तारीख लिहिली. काळ्या पत्रानं मरण्याची. पंधराच्या रात्री निघालेलं विमान मध्यरात्रीनंतर पडलं, म्हणजे सोळालाच. दोन्ही कागद खरं बोलत होते. न ऐकणारा तोच होता.

त्यानं १५ फेब्रुवारीची ओळ शोधली. हेर्लेनं, दगडांवर नावं असलेल्या त्या दोघांच्या नेहमीच्या बिनतारीवाल्यानं, त्या दिवशी उड्डाण केलं नव्हतं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कानात ठणका. डॉक्टरनं जमिनीवर ठेवलं. माझ्या जागी फोको.' आणि खाली, वेगळ्या शाईत, कित्येक वर्षांनी लिहिल्यासारखं: 'त्याच्या घरी कधी लिहिलं नाही. धीर झाला नाही.'

वुब्बोनं कोट चढवला. तो दिवस गुरुवार नव्हता.

"आज काय सोमवारीच?" दार उघडत गेशे म्हणाली. "कॅलेंडर पण दोन लागतात वाटतं तुला?"

"गेशे, मी चुकलो," वुब्बो उभ्या उभ्याच म्हणाला. "अकरा वर्षं."

त्यानं वही तिच्या मांडीवर उघडून ठेवली, तारखांचं सगळं सांगितलं, मग त्या ओळीवर बोट ठेवलं. गेशेनं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. 'माझ्या जागी फोको.' ती ओळ तिनं हळूहळू, अक्षरावरून बोट फिरवत वाचली.

"म्हणजे माझे गुडघे बरोबर होते."

"बरोबर होते."

"आणि तुझे कागद?"

"तेही बरोबर होते. पोस्टमन चुकला."

गेशे रागावेल याची तो वाट बघत होता. ती पुढची ओळ वाचत होती, वेगळ्या शाईतली. वाचून तिनं वही मिटली.

"हा हेर्ले जिवंत आहे?"

"आहे."

"मग त्याला आजच लिही. लिही, की फोकोच्या बहिणीनं विचारलंय, कान बरा झाला का. आणि मृतांच्या रविवारी ये म्हणावं. प्रवासाला भ्यालास तर वही परत मिळणार नाही, असंही लिही."

वुब्बोनं खिशातून कार्ड काढलं. प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसलं आणि शाईच्या पेनानं लिहिलं. मरणाची तारीख १६. दगडावरही तीच जाणार होती. शाई वाळेपर्यंत गेशेनं कार्डावर फुंकर घातली, लहान पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी.

मग तिनं चहा केला. पहिला कप झाला. दुसरा झाला. वुब्बोनं सवयीनं चमचा उचलला, कपात ठेवायला.

"ठेव तो खाली," गेशे म्हणाली आणि किटली उचलली. थोडा चहा बशीत सांडला. तिनं नवा खडा घातला, वर साय सोडली. तिसरा कप. वुब्बोनं तो ढवळला नाही, रीतीप्रमाणे, आणि अगदी सावकाश प्यायला.